कोणत्या फटी बुजवाव्या?

रोहिणी नक्षत्र लागलें कीं मालवणच्या किनाऱ्यावरील घरांत लगबग सुरू होते. कौलें परतावयाचीं, फुटकीं बदलावयाचीं आणि नैर्ऋत्येकडील पडवीस माडाच्या चुडतांचे विणलेले झाप बांधावयाचे. मृगापूर्वीं हें आटोपावें लागतें. पुढें वारा शिडीवर माणूस ठरूं देत नाहीं.

२०२१ च्या मे महिन्यांत, आमचे झाप बांधून होण्यापूर्वींच, तौक्ते वादळ ह्या किनाऱ्यास घासून उत्तरेकडे गेलें. पाऊस खिडक्यांच्या फटींतून आडवा शिरला आणि माजघराची जमीन आम्ही रात्रभर पुशीत बसलों.

चिरंजीव मुंबईहून आले ते निश्चय करूनच. "बाबा, आतां एकहि फट ठेवायची नाहीं." आम्हांसहि तें पटलें. खिडक्यांना रबराच्या पट्ट्या बसल्या, चौकटींभोवतीं सिलिकॉन भरलें, कौलांखालीं प्लॅस्टिकचा कागद अंथरला गेला आणि भिंतींचा माथा व छप्पर यांमधील वीतभर मोकळी जागा आम्हीं फोमनें बुजविली. आमची वडील बहीण आक्का चुलीपाशीं होती. ती म्हणाली, "अरे, मग धूर काय माझ्या पदरांतून जायचा?" आम्ही हंसलों. तें हंसणें आज आठवलें म्हणजे लाज वाटते.

त्या पावसाळ्यांत घरांत थेंब आला नाहीं. श्रावणांत मात्र भिंतींना घाम फुटूं लागला. अकरा माणसांचा स्वयंपाक, दांडीवर वाळत घातलेलीं ओलीं धोतरें-लुगडीं, रात्रीचे श्वास, ह्या साऱ्यांची वाफ घरांतच कोंडली. आजोबांच्या हातच्या पोथ्या बासनांतून काढल्या, तों पानांवर हिरवट बुरशी! आक्काचा जुना खोकला दम्यावर गेला. डॉक्टरांनीं औषध लिहिण्याआधीं विचारलें, "धूर जातो कुठून?" आम्हांपाशीं उत्तर नव्हतें.

थंड देशांत फटी बुजवितात त्या आंतील ऊब राखण्यासाठीं. तेथेंहि कोंडलेली हवा बाहेर नेण्याची निराळी योजना करावी लागते. आमच्याकडे पावसाळ्यांत राखावयाची ऊब आहे कोठें? अडवावयाचें आहे तें पाणी, आणि तें वाऱ्याबरोबर बाजूनें येतें. धूर व वाफ उष्ण असल्यामुळें वर चढतात. १८६५ सालीं मंगळूरास बासेल मिशनच्या कारखान्यांत निघूं लागलेलीं कौलें एकमेकांत अडकतात, पण चुन्यानें सांधलेलीं नसतात. पाणी वरून ओघळतें, धूर फटींतून झिरपतो. खिडकीस संस्कृतांत वातायन, म्हणजे वाऱ्याचा मार्ग, म्हणतात, हें आम्हीं मुलांना पस्तीस वर्षें शिकविलें आणि स्वतःच्या घरीं विसरलों.

भाद्रपदांत उघडीप मिळतांच फोम खरवडून काढला, स्वयंपाकघरावरील कागद ओढून टाकला आणि वरच्या मोकळ्या जागेंत उंदीर-वटवाघळें शिरूं नयेत म्हणून तारेची जाळी ठोकली. नैर्ऋत्येच्या खिडक्यांच्या रबरी पट्ट्या तेवढ्या राहूं दिल्या. त्या उत्तम काम देतात. हें श्रेय चिरंजिवांस दिलेंच पाहिजे. तिकडच्या चिऱ्याच्या भिंतीच्या भेगा चुन्यानें भरल्या. झाप दरवर्षीं बांधतों. ते वारा समूळ अडवीत नाहींत, त्याचें बळ मोडतात. पाणी बाहेरच गळतें.

दोन पोथ्या गेल्या त्या गेल्याच. आक्काची उबळ उणावली, पण औषधाचा पंप अजून उशाशीं असतो. यंदा झाप बांधतांना ती ओसरीवर बसून होती. वरची जाळी मोकळी आहे, हें तिनें आमच्याकडून दोनदां वदवून घेतलें.