काट्यावरचे वजन आणि नावेतले वजन

पुरुषोत्तमनगरला वजनाचे महत्त्व कोणी समजावून द्यावे लागत नाही. शहादा तालुक्यातील ही वसाहत सहकारी साखर कारखान्याभोवती वाढली. गळीत हंगाम सुरू झाला की उसाने लादलेल्या बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि मालमोटारी काट्यापुढे रांग धरतात. भरलेल्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा होते आणि त्या वजाबाकीवर शेतकऱ्याचे वर्ष ठरते. परिसरातील व्यापारी घराण्यांचे आयुष्यही काट्याभोवतीच गेले आहे. मिरची असो, कापूस असो वा धान्य असो, मालमोटार ठरविताना गाडीचा विमा आहे का, परवाना आहे का, ती किती टन पेलते, हे प्रश्न सवयीने विचारले जातात. लाख-दोन लाखांच्या मालासाठी एवढी चौकशी करणारा हाच गृहस्थ सुटीत एखाद्या तळ्याच्या काठी उभा राहिला, की मात्र काहीही न विचारता बायको-मुलांना नावेत बसवितो. जो माल पुन्हा भरता येतो त्याची चौकशी आणि जो कधीच भरता येत नाही त्याविषयी मौन, असा हा उलटा हिशेब आहे.

नंदुरबार जिल्ह्याला परराज्य दूर नाही. पश्चिमेला गुजरात, उत्तरेला मध्य प्रदेश. शहाद्याहून निघालेली गाडी चहाची वेळ होण्याआधीच खेतियात, म्हणजे दुसऱ्या राज्यात पोहोचते. सोयरीक सुरतेत, बडोद्यात, इंदुरात. दिवाळीची आणि मे महिन्याची सुटी आली की सापुताऱ्याचे तळे, उदयपूरचे फतेहसागर आणि पिछोला खुणावू लागतात. अबूला देलवाड्याचे दर्शन झाले, की मुले नक्की सरोवराकडे ओढतात. कर्नाटकात कारकळजवळच्या वरंग येथील केरे बसदी तर तळ्याच्या मध्यभागी आहे. तेथे नावेतूनच जावे लागते. नौकाविहार ही श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. तीर्थयात्रेच्या आणि सहलीच्या दिवसात ती सहज येऊन बसली आहे.

परमुलखातील पाहुण्याच्या मनात एक समजूत नकळत घर करते. इथले नियम इथल्यांसाठी. आपण दोन घटकांचे पाहुणे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. काठावर जन्मलेल्याला ठाऊक असते, की दुपारनंतर वारा कोणत्या बाजूने उठतो, पाणी कुठे उथळ आहे आणि कुठे एकदम खोल जाते. पाहुण्याला यातले काहीच ठाऊक नसते. कधी कधी तर नावाड्याची भाषाही पुरती कळत नाही. जे ज्ञान त्याच्यापाशी नाही, ते नियमाच्या रूपाने त्याच्या हाती दिलेले असते. म्हणून स्थानिकापेक्षा पाहुण्यालाच नियमाची गरज अधिक.

पूर्वी या देशात नद्या-तळ्यांतील यांत्रिक बोटींसाठी १९१७ चा कायदा होता. त्याच्या जागी २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयान अधिनियम आला. एका राज्यात झालेली बोटीची नोंदणी आता देशभर ग्राह्य धरली जाते. नोंदणी, तपासणी, चालकाची पात्रता, विमा आणि जीवरक्षक साधने यांची चौकट सर्व राज्यांसाठी एकसारखी असावी, हा या कायद्याचा हेतू आहे. वल्ह्यांच्या साध्या नावांची नोंद स्थानिक पातळीवर ठेवण्याचीही त्यात तरतूद आहे. याशिवाय वेळा, वाऱ्या-पावसात फेऱ्या बंद ठेवणे, नावेत किती जण बसवावेत, हे त्या त्या तळ्यावरील स्थानिक यंत्रणा ठरविते. प्रवाशाने कायद्याचे कलम पाठ करण्याचे कारण नाही. नाव नोंदलेली आहे का, ती किती माणसांची आहे, आणि प्रत्येकाला जीवरक्षक जॅकेट मिळणार का, हे तीन प्रश्न कोणत्याही राज्यात, मोडक्यातोडक्या भाषेतही विचारता येतात.

ते न विचारल्याची किंमत या देशाने पुन्हा पुन्हा मोजली आहे. ३० सप्टेंबर २००९ रोजी केरळमधील थेक्कडी येथे पेरियार जलाशयात पर्यटकांची दुमजली बोट उलटली आणि ४५ जण बुडाले. त्यांतील बहुतेक जण परराज्यांतून हौसेने आलेले पाहुणे होते. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी भागातील तळ्यात शाळेची सहल घेऊन निघालेली बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेहून कितीतरी अधिक मुले होती आणि बहुतेकांच्या अंगावर जॅकेट नव्हते. ज्या बडोद्यात खानदेशातील कित्येक घरांच्या लेकी नांदतात, त्याच शहरातील ही गोष्ट. आणि स्वतःच्या जिल्ह्यात, १५ जानेवारी २०१९ च्या संक्रांतीला, धडगाव तालुक्यात नर्मदेच्या पात्रात भाविकांनी दाटलेली नाव उलटली आणि सणाच्या दिवशी घरे उजाड झाली. सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे नर्मदाकाठच्या कित्येक पाड्यांना नावेवाचून गत्यंतर नाही. ज्याला दुसरा मार्गच नाही, तो धोका पत्करतो. सहलीला आलेल्यापुढे मात्र न बसण्याचा मार्ग नेहमीच मोकळा असतो.

या घटनांमागील गणित अवघड नाही. नाव तोलावर तरंगते. माणसे वाढली की तिचा काठ पाण्याच्या जवळ येतो. मग एवढीशी लाटही आत शिरते आणि आत आलेले पाणी उताराकडे धावून तोल आणखी बिघडविते. कोणी उभा राहिला की वजन वर चढते. सगळे एका अंगाला छायाचित्रासाठी झुकले की उरलेसुरले संतुलनही संपते. बसमध्ये मुलाचे अर्धे तिकीट निघते, मांडीवरच्या बाळाचे तर निघतही नाही. त्यामुळे नावेतही मुले मोजायची नाहीत, अशी सवय लागून गेली आहे. जॅकेटांची मोजणी मात्र डोक्यांवर होते, आणि पाण्यात पडलेले मूल अर्धे बुडत नाही.

पुरुषोत्तमनगर परिसरातील एका कुटुंबाची हकीकत या दृष्टीने सांगण्याजोगी आहे. घरातील थोरले भाऊ गेली तीस वर्षे खते-बियाण्यांच्या दुकानात तराजूपाशी बसलेले. परराज्यातील एका तळ्यावर सारे कुटुंब उतरले. मोठी सहा, मुले तीन. नाव सहा जणांची. पुतण्याने नावाड्याशी सौदाही करून टाकला, की मुले मांडीवर बसतील आणि वर शंभर रुपये मिळतील. नावाडी राजी झाला. भाऊंनी विचारले, “जॅकेटे किती?” सहाच होती, आणि तीही मोठ्यांच्या मापाची. “काका, दहा मिनिटांची तर फेरी आहे,” पुतण्या म्हणाला. भाऊ एवढेच म्हणाले, “काट्यावर गाडी आली की तू पोती मोजतोस ना? लहान पोते आहे म्हणून सोडून देतोस का?” कुटुंब काठावरच भेळ खाऊन परतले. मुले रुसली, पुतण्याने गाडीत बराच वेळ तोंड उघडले नाही, आणि शेजारच्या घोळक्यातील कोणी तरी ‘घाबरट मंडळी’ असे म्हणाल्याचे सर्वांनी ऐकले. भाऊंच्या आईंनी, म्हणजे घरच्या बाईंनी, तेवढे विचारले, “उद्या दुसऱ्या तळ्यावर लहान जॅकेटे असतील का रे?” दुसऱ्या दिवशी चौकशी करूनच दुसरे ठिकाण निवडले, तेथे मुलांच्या मापाची जॅकेटे होती आणि दोन नावा करून सारे जण फिरून आले.

जॅकेटाचा हिशेबही व्यापाऱ्याला पटण्यासारखा आहे. माणसाचे बहुतेक वजन पाणीच उचलून धरते. डोके वर ठेवण्यासाठी थोड्याच किलोंचा आधार पुरतो. मोठ्या माणसाचे साधे जॅकेट सुमारे सात किलोंचा आधार देते आणि तेवढ्यावर धडधाकट पुरुषही तरंगतो. पण ते अंगाला घट्ट बसले पाहिजे, सर्व बंद लावले पाहिजेत. मोठ्यांचे जॅकेट मुलाच्या अंगावरून पाण्यात वर निसटते आणि मूल खाली राहते. नावेत मांडीखाली घेतलेले किंवा छायाचित्रासाठी उतरविलेले जॅकेट नसल्यासारखेच. ज्या घरांत पोहणे शिकविण्याची रीत नाही, तेथे तर याला पर्यायच नाही.

राहता राहिला तो शंभर रुपयांचा प्रश्न. नावाडी बहुधा हातावर पोट असलेला माणूस. गिऱ्हाइकाला नाही म्हणणे त्याला परवडत नाही. सहा जणांच्या नावेत नऊ जण बसतात ते पुष्कळदा त्याच्या लोभाने नव्हे, पाहुण्याच्या घासाघिशीने. नियम मोडण्याची किंमत पाहुणाच मोजून देतो आणि अपघात झाला की दोष नावाड्याच्या माथी जातो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ आणि ‘हीनाधिकमानोन्मान’ हे दोन लागोपाठ येतात. पहिला राज्याचा नियम ओलांडून केलेल्या व्यवहाराचा, दुसरा खोट्या मापाचा. दुकानात हे दोन्ही कटाक्षाने पाळणाऱ्याने परराज्यातील तळ्यावर, सुटीच्या आनंदात, दोन्ही एकाच वेळी मोडावेत हे शोभत नाही. सहाच्या जागी नऊ बसविणे हे खोटे मापच आहे. फरक इतकाच, की येथे फसविला जातो तो गिऱ्हाईक नव्हे, स्वतःच्या मांडीवरचे मूल.

सावधपणाचा नफा खातेवहीत कधी दिसत नाही. जो अपघात झाला नाही त्याची नोंद कोणत्या पानावर करणार? म्हणूनच नकार देणारा माणूस त्या दिवशी कंजूष ठरतो, भित्रा ठरतो, आणि पुढे ते सारे विसरले जाते. येत्या सुटीत सामान बांधताना घरातील कर्त्या माणसाने हे थोडेसे हसे पदरात घेण्याची तयारीही सोबत बांधावी. भरलेल्या गाडीचे वजन पाहून तिला परत फिरविणारा काटेवालाही हंगामात कोणाला आवडत नाही. पण रस्त्यावरून सुखरूप जाणाऱ्या प्रत्येक गाडीमागे त्याचा तो अप्रिय शब्द उभा असतो.