भूल उतरतानाचा तास

चि. मुग्धा हिस,


रिकव्हरी रूममधील नेमणूक कळवताना तुझ्या पत्रात एक प्रश्न आला आहे: शस्त्रक्रिया आटोपली, भूलही बंद झाली, मग तेथे इतके डोळ्यांत तेल घालून पाहायचे ते काय? भूल बंद करणे आणि भूल उतरणे या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिली भूलतज्ज्ञाच्या हातात असते, तर दुसरी रुग्णाच्या फुप्फुसांवर, यकृतावर, मूत्रपिंडांवर आणि शरीराच्या उष्णतेवर अवलंबून राहते. या दोहोंमधल्या काळात श्वासनलिकेतील नळी निघालेली असते, पण श्वासमार्ग स्वतः उघडा ठेवण्याइतके बळ रुग्णाच्या स्नायूंत आलेले असतेच असे नाही.

शस्त्रक्रियागृहाला लागून असलेल्या आणि शस्त्रक्रियेच्या परिणामातून सावरेपर्यंत रुग्णांना ठेवण्याच्या लहान खोलीचा उल्लेख फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1863 मध्ये केला आहे. मात्र अशी खोली सर्वत्र हवीच, ही जाणीव रुजायला पुढे बराच काळ गेला. फिलाडेल्फियातील भूलविषयक अभ्यास-आयोगाने 1947 मध्ये अकरा वर्षांतील मृत्यूंची छाननी केली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर पहिल्या 24 तासांत झालेल्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे टाळता येण्याजोगे होते, असे दिसून आले. या निष्कर्षाची वेदना आजही कमी होऊ नये.

सर्वांत अधिक लक्ष श्वासाकडे हवे. अर्धवट शुद्धीतील रुग्णाची जीभ मागे पडून घसा बंद होतो आणि अशा वेळी छाती व पोट हलत असूनही हवा आत जात नाही. म्हणून छातीची हालचाल पाहून समाधान न मानता नाकातोंडाशी हात धरून उच्छ्वास लागतो का ते पाहावे लागते, आणि जबडा पुढे उचलताच बहुधा वाट मोकळी होते. स्वरयंत्राचे स्नायू अचानक आवळले जाण्याला लॅरिंगोस्पाझम म्हणतात. लहान मुलांत तो विशेष आढळतो आणि त्यात थुंकी किंवा रक्ताचा थेंबही निमित्त ठरतो. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंश शरीरात उरला असेल तर धोका आणखी फसवा असतो, कारण श्वासपटल आधी सावरते आणि घशाचे स्नायू मागे राहतात, त्यामुळे रुग्ण श्वास घेताना दिसतो, पण त्याला गिळता येत नाही. पाच सेकंद डोके उचलून धरता आले म्हणजे औषध उतरले, ही जुनी समजूत पुरेशी नाही. मज्जातंतूला विजेचे चार सौम्य झटके देऊन चौथा प्रतिसाद पहिल्याच्या किमान 0.9 पट आहे का, हे यंत्राने मोजणे अधिक विश्वासार्ह ठरते.

वेदनाशमनासाठी दिलेले मॉर्फिन किंवा फेंटानिल श्वासाची गती मंदावते. रुग्णाला प्राणवायू लावलेला असेल, तर पल्स ऑक्सिमीटरवरचा आकडा 98 राहूनही श्वास मिनिटाला सहा-सातवर आलेला असू शकतो आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत जातो, कारण ते यंत्र प्राणवायूचे प्रमाण सांगते, श्वासाची पुरेशी खोली व गती सांगत नाही. त्यामुळे श्वास मोजण्याचे काम कोणत्याही मॉनिटरवर सोपवून चालत नाही. उतारा म्हणून दिलेल्या नॅलोक्सोनचा प्रभाव मॉर्फिनपेक्षा लवकर ओसरतो, म्हणून जागा झालेला रुग्ण पुन्हा झोपेत जातो. उतारा दिलेल्या रुग्णाला लगेच वॉर्डात पाठवणे हे या खोलीतील सर्वांत घातक घाईचे कृत्य आहे.

मळमळ, उलटी आणि हुडहुडी या तक्रारी मात्र जिवावरच्या नसल्या तरी रुग्णाला फार छळतात. स्त्रिया, धूम्रपान न करणारे आणि प्रवासात उलटी होणारे यांना मळमळीचा त्रास अधिक होतो, म्हणून औषध आधीच देणे श्रेयस्कर. शरीर थंड असेल तर औषधे उशिरा उतरतात आणि हुडहुडीने प्राणवायूची गरज वाढते. गरम पांघरूण हा त्यामुळे उपचारच आहे.

अँटोनिओ आल्ड्रेटे यांनी 1970 मध्ये हालचाल, श्वास, रक्ताभिसरण, शुद्धी आणि त्वचेचा रंग या पाच बाबींना शून्य ते दोन गुण देणारी पद्धत मांडली, आणि दहापैकी नऊ गुण मिळाल्यावर रुग्णाला खोलीतून हलवता येते, असा संकेत रूढ झाला. 1995 मध्ये रंगाची जागा ऑक्सिमीटरच्या आकड्याने घेतली, हे सावळ्या त्वचेच्या समाजाला विशेष उपयोगी आहे, कारण तेथे निळसरपणा ओठ व जिभेवर शोधावा लागतो. तरीही हे गुण म्हणजे त्या क्षणाची स्थिती होय. पुढच्या अर्ध्या तासाची हमी नव्हे.

वृद्ध रुग्ण जागा होताना बरळू लागला किंवा सलाईन ओढू लागला, तर त्याला हट्टी ठरवून झोपेचे इंजेक्शन देण्यापूर्वी प्राणवायू, रक्तशर्करा, तुंबलेले मूत्राशय आणि वेदना तपासाव्यात, चश्मा व श्रवणयंत्र परत द्यावे आणि नातेवाइकांपैकी एकाला आत बोलवावे. नियमात याला वाव नसेल, तर तो नियम बदलून घेण्यासाठी प्रमुखांकडे लेखी विनंती करणे योग्य ठरेल.

तुझे,
काका