हवा कुठून जाते?

गेल्या वर्षीचा जानेवारी आम्ही उभयतांनी मुलाकडे, अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरी काढला. सूनबाईंचे दिवस भरत आले होते. भालकीच्या उन्हात ज्याचे आयुष्य गेले, त्याला बर्फाचे अप्रूप फार तर दोन दिवस टिकते. तिसऱ्या दिवसापासून मी खिडकीशी बसून राहिलो.

तेथे बर्फ पडून थांबला की २४ तासांत घरापुढील पदपथ मोकळा करणे घरमालकाचे कर्तव्य असते. त्यासाठी मुलाकडे बर्फ उडवणारे यंत्र होते. पुढच्या तोंडाने बर्फ ओढून घ्यावा आणि धुराड्यातून बाजूला भिरकवावा, हे त्याचे काम. क्युबेकच्या आर्थर सिकार यांनी असे यंत्र १९२५ साली घडवले. मुलाच्या यंत्राच्या डाव्या चाकात मात्र हवा टिकत नव्हती. रात्री भरावी, तर सकाळी चाक बसलेले. मग यंत्र त्याच अंगाला ओढे आणि तोंड तिरपे होऊन जमीन खरवडे.

"नवीन चाक मागवले आहे, बाबा. पाच दिवसांत येईल," मुलगा म्हणाला. हवामानाचा अंदाज दोन दिवसांनी मोठ्या बर्फाचा होता, आणि इस्पितळाकडे कोणत्या रात्री धावावे लागेल, हे कोणी सांगावे?

"येईल तेव्हा येवो. तोवर हे काढ, पाहू," मी म्हणालो.

माझे वडील शाळामास्तर. त्यांची सायकल आणि आमच्याकडच्या गाडीवाटांवरील बाभळीचे काटे यांचे जन्माचे वैर होते. पंक्चरच्या दुकानात पाण्याचे घमेले धरण्याचे काम माझ्याकडे असे. दुकानदाराचा एकच नियम होता : हवा कुठून जाते ते आधी शोधावे, मग सोल्युशनला हात लावावा.

स्पार्क प्लगची वायर काढून ठेवून मुलाने चाक सोडवले. थंडीने रबर कडक होते, म्हणून ते आम्ही घरात, ऊबेला आणले. सगळीकडे साबणाचे पाणी लावले. थंडीत हवा आकसते हे खरे. परंतु एका रात्रीत चाक त्याने बसत नाही. काटा कोठेच नव्हता. बुडबुडे आले ते टायरची कड आणि रिम यांच्या सांध्यातून. या चाकात ट्यूब नव्हती. कड रिमला घट्ट बसते, एवढ्यावरच हवा टिकते. रिमला गंज चढला होता आणि त्या खडबडीतून हवा निसटत होती.

कड आत दाबून तारेच्या ब्रशाने गंज खरवडला, रिम पुसून सीलर लावले. हवा भरू लागलो तर ती दोन्ही बाजूंनी निघून जाई. तेव्हा कडब्याची गाडी आवळतात तसा टायरच्या मध्यावरून दोर टाकला आणि काठीने पीळ दिला. कडा बाहेर सरकल्या. थोडी हवा धरताच दोर सोडला, पुढची भरली, आणि फट् आवाज होऊन कड जागेवर बसली. टायरवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत हवा ठेवली. सकाळी चाक तसेच ताठ होते.

"बाबा, हे तुम्हाला कधीपासून येते?" मुलाने विचारले.

मी सहज सांगून गेलो, "लहानपणापासून." आणि मग ओशाळलो. बदल्यांच्या नोकरीत मी अर्धा कर्नाटक हिंडलो. हा भालकीत आजीजवळ वाढला. सुट्टीवर घरी आलो तरी याच्या सायकलीचे पंक्चर मी शिपायाकरवी काढून आणवीत असे. साहेबाने घमेल्यापुढे बसणे तेव्हा शोभत नव्हते. चाळीस वर्षे फायलींवर शेरे मारले; पण आपल्याच घरातून काय निसटते आहे, हे पाहण्यास एकदाही बसलो नाही.

ठरल्याप्रमाणे बर्फ पडला. चौथ्या रात्री अडीच वाजता मुलाने वाट मोकळी केली आणि गाडी बाहेर काढली. पहाटे नात झाली.

दुसऱ्या दिवशी नवीन चाक आले. ते अजून खोक्यातच आहे, असे मुलगा परवा फोनवर सांगत होता. पुढे म्हणाला, "ही मोठी झाली की घमेले हिच्या हाती द्यायचे, बाबा. तोवर तुम्ही या."