दुभाष्याला रजा

पन्नाशी उलटल्यावर माणसानें नवी भाषा शिकायला बसूं नये, असें माझ्या बहुतेक स्नेह्यांचें मत आहे. या वयांत गुडघ्यांची तक्रार करावी, नात्यांतल्या मुलामुलींचीं लग्नें जमवावीं, फार तर ज्ञानेश्वरी वाचायला घ्यावी, पण स्पॅनिश? "एखाद्या कंपनींत नोकरी धरणार कीं काय?" असें एकानें विचारलें. दुसऱ्यानें स्पेनच्या प्रवासाला खर्च किती येतो, याची चौकशी केली. "निदान ती भाषा बोलणारें कुणी शेजारीं तरी असावें," असा व्यवहारी शेरा घरांतून मिळाला. या सर्वांना द्यायला माझ्यापाशीं एकच उत्तर होतें. इंग्रजी कादंबरीचा इतिहास शिकवितांना सर्व्हांटीसच्या डॉन क्विक्झोटचें नांव घ्यावेंच लागतें. फील्डिंगनें १७४२ सालीं 'जोसेफ अँड्र्यूज' प्रसिद्ध केली, तेव्हां ती सर्व्हांटीसच्या धर्तीवर लिहिली आहे, असें त्यानें शीर्षकपृष्ठावरच नमूद केलें. इंग्रजांनीं ज्याचें ऋण इतक्या उघडपणें मान्य केलें, त्या सावकाराचें घर एकदां स्वतः पाहून यावें, एवढीच माझी इच्छा होती.

पण घराच्या दारावरची पाटीच निराळी निघाली. इंग्रजीच्या वर्गांतला क्विक्झोट आपल्या गांवीं 'किहोते' आहे, आणि त्याचा जनक 'सेर्वान्तेस'. या भाषेंत 'एच्' हें अक्षर लिहितात, पण उच्चारीत नाहींत. निमंत्रणपत्रिकेवर नांव छापलेल्या, परंतु सभेंत तोंडही न उघडणाऱ्या पाहुण्यासारखी त्याची स्थिति आहे. उलट, घशांतून काढलेला 'ह' हा 'जे' या अक्षराच्या वांट्याला गेला आहे. 'बी' आणि 'व्ही' यांचा उच्चार एकच; त्यामुळें आमच्या वर्गांतल्या एका बंगाली मुलाला पहिल्याच दिवशीं आजोळीं आल्यासारखें वाटलें. 'र' मात्र दोन. साधा 'र' घेतला तर 'पेरो' म्हणजे 'पण'. तोच घोळवला तर 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. "मी गरीब आहें, पण प्रामाणिक आहें," असें सांगूं पाहणाऱ्याची जीभ जरा अधिक थरथरली, कीं त्या थोर वाक्याच्या मध्यभागीं एक कुत्रा येऊन बसतो! प्रश्नचिन्ह तर वाक्याच्या शेवटीं असतेंच, शिवाय आरंभीं उलटें टांगलेलेंही असतें. स्पेनच्या राजमान्य अकादमीनें १७५४ सालीं तसा नियम घालून दिला. मराठी माणूस आपला 'का' शेवटपर्यंत राखून ठेवतो. स्पॅनिश लेखक दारांतूनच सांगतो, कीं मी कांहीं विचारायला आलों आहें.

आमचें क्रमिक पुस्तक इंग्रज विद्यार्थ्यासाठीं लिहिलेलें आहे. 'त' आणि 'द' म्हणतांना जीभ दातांना टेकवावी, हें सांगण्यांत त्यानें एक सबंध परिच्छेद खर्ची घातला आहे. आमच्याकडे मूल हें बाराखडी गिरविण्याआधींच शिकतें. टेबलाला लिंग असतें, हें सांगतांना तर ग्रंथकार इतका ओशाळतो, कीं जणूं त्याच्याच घराण्यांतली कांहीं भानगड उघडकीस येत आहे. 'मेसा' म्हणजे टेबल; तें स्त्रीलिंगी कां, असें विचारूं नका, पाठ करा, असा त्याचा उपदेश. नवल असें, कीं ती खुर्ची, तो पलंग आणि तें कपाट यांच्यांत वाढलेलीं आमचीं मुलेंमुलीही त्याच्याबरोबर कपाळाला आठ्या घालून "किती अवघड!" असें म्हणूं लागलीं. वास्तविक आपल्याकडे लिंगें तीन आहेत; तेथें दोनच आहेत याचा आनंद मानावयाचा. आणि त्यांतला लहरीपणाही घरचाच आहे. 'पेर्सोना' हा शब्द पुरुषाविषयीं योजला तरी स्त्रीलिंगीच राहतो. आपली 'व्यक्ति'ही तशीच. पुरुषाच्या हनुवटीवर वाढूनही दाढी दोन्ही भाषांत स्त्रीलिंगी. मिशीविषयीं मात्र मतभेद आहे. मराठींत ती स्त्रीलिंगी, तर स्पॅनिश 'बिगोते' पुल्लिंगी. मिशीला पीळ देणाऱ्या आपल्या वीरांनीं या एका बाबतींत परक्या व्याकरणाचा पक्ष घेतला असता, यांत मला शंका नाहीं.

आमच्या बाई मराठीच आहेत, वयानें माझ्या निम्म्या. पण त्या शिकवीत इंग्रजींतून. कारण शिकण्याची भाषा इंग्रजी, हें त्यांनीं आणि आम्हीं सर्वांनीं न बोलतां गृहीत धरलेलें होतें. एके दिवशीं 'मे गुस्ता' हा प्रयोग आला. इंग्रज म्हणतो, "मी आंबा आवडतों." अर्थात् तो असें म्हणत नाहीं, पण त्याच्या वाक्याची रचना तशी आहे. कर्ता तो स्वतः, आणि आंबा बिचारा कर्म. स्पॅनिशमध्यें आंबाच कर्ता असतो आणि माणूस चतुर्थींत जातो. पुस्तकांत यावर दोन पानें, तीन बाण आणि एक चौकट होती. बाईंनीं अर्धा तास इंग्रजींतून खटपट केली, फळा भरला आणि पुसला. शेवटीं त्या थकून म्हणाल्या, "अहो, मला आंबा आवडतो! झालें!"

क्षणभर वर्ग स्तब्ध झाला, आणि मग सारेच हसले. मला चिंच आवडते, मला आंबे आवडतात. क्रियापद माणसाकडे पाहत नाहीं, फळाकडे पाहतें. दोन पानांचें आणि तीन बाणांचें रहस्य आमच्या जिभेवर जन्मापासून बसलेलें होतें. पण आम्हीं त्याला इंग्रजींतून हांक मारली, म्हणून तें उठलें नाहीं.

त्या दिवसापासून मीं एक प्रयोग सुरू केला. प्रत्येक नियम आधीं मराठीला विचारावयाचा. स्पॅनिश माणूस घर पाहतो, पण मित्राला पाहतो. सजीव माणूस कर्म झाला, कीं त्याच्यामागें एक लहानसा प्रत्यय-शब्द लागतो. इंग्रजी व्याकरणाला याचें मोठें कोडें पडतें. आपण "घर पाहिलें" आणि "रामाला पाहिलें" असें म्हणून मोकळे होतों. पाऊस पडावा, तूं यावेंस, अशा इच्छेच्या वाक्यांसाठीं तेथें क्रियापदाचें निराळें रूप आहे, आणि इंग्रज विद्यार्थी त्याला भितो. आपला विध्यर्थ तेंच काम करतो. वडिलधाऱ्यांना म्हणावयाचा 'उस्तेद' हा शब्द 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या संबोधनाचा झिजलेला अवशेष आहे, म्हणून त्याच्यापुढें क्रियापद तृतीय पुरुषाचें येतें. समोर बसलेल्या साहेबांनाच "साहेबांनीं चहा घ्यावा" असें म्हणणाऱ्या आपल्या माणसाला यांत काय अवघड आहे? आणि जवळच्या माणसाला म्हणावयाचा शब्द तर साक्षात् 'तू'च आहे!

परंतु माझ्या मनाला खरा चटका लावला तो आणखी एका प्रयोगानें. हातांतून पेला पडून फुटला, तर स्पॅनिश माणूस "मीं पेला फोडला" असें सहसा म्हणत नाहीं. पेला फुटला, आणि तो 'मला' फुटला, अशी त्याच्या वाक्याची ठेवण असते. विसरण्याचेंही तसेंच: गोष्ट 'मला' विसरली जाते. हें वाचतांना माझ्या कानांत माझ्या आईचा आवाज उमटला. "माझ्या हातून दूध सांडलें ग," "मला मेलीला विसर पडला." ती इंग्रजीचें एक अक्षरही शिकली नव्हती. आम्हीं तिच्या भाषेला प्रेमानें वागविलें, पण विद्येच्या कामासाठीं तिला कधीं बाहेर बोलाविलें नाहीं. पाहुण्यांसमोर न आणण्याच्या जुन्या भांड्यांप्रमाणें ती स्वयंपाकघरांतच राहिली. आणि अपघात व अपराध यांतला जो भेद एक सबंध युरोपीय व्याकरण शिकवूं पाहत होतें, तो त्या स्वयंपाकघरांत रोज, कुणालाही न कळतां, शिकविला जात होता.

मराठीनें प्रत्येक कुलूप उघडतें, असें मात्र कुणी समजूं नये. 'सेर' आणि 'एस्तार' या दोन क्रियापदांपुढें तीही हात टेकते. दोघांचाही अर्थ 'असणें'. 'एस्तार' हा आपल्या 'स्था' धातूचा दूरचा भाऊबंद; पण नातें सांगितल्यानें तो वश होत नाहीं. "लिंबू आंबट असतें" आणि "हें लिंबू आंबट आहे" यांतला फरक थोडा उपयोगीं पडतो, पण थोडाच. कायमच्या गुणाला 'सेर', तात्पुरत्या अवस्थेला 'एस्तार', असें प्राथमिक पुस्तकें सांगतात. आणि लगेच कळतें, कीं 'मेलेला असणें' याला 'एस्तार' लागतो! वर्गांतलीं मुलें यावर चिडलीं. मला वाटतें, पुनर्जन्म मानणाऱ्यांनीं तरी चिडूं नये.

इंग्रजीविषयीं माझ्या मनांत कृतघ्नता नाहीं. तिनें मला पोट दिलें आणि शेक्सपिअर दिला. रवींद्रनाथांचें 'क्रेसंट मून' १९१५ सालीं स्पेनमध्यें पोंचलें, तें सेनोबिया काम्प्रुबी या विदुषीनें इंग्रजीवरून केलेल्या भाषांतराच्या द्वारें. पुढें १९५६ चें नोबेल पारितोषिक मिळविणारा कवि हुआन रामोन हिमेनेस याचाही त्या कामांत हात होता. किहोते आमच्याकडे आला तोही इंग्रजींतूनच. दुभाष्यानें दोन्हीकडचा माल इमानानें पोंचविला. पण तो येण्याआधींही वाटा होत्या. आपली शर्करा इराणी आणि अरब लोकांच्या तोंडून स्पेनला जाऊन 'आसूकार' झाली. आपलें चतुरंग त्याच वाटेनें 'आहेद्रेस' झालें. नारिंग 'नारांहा' झालें. ७११ पासून १४९२ पर्यंत स्पेनच्या कमीअधिक भागावर मुसलमानी राजवट होती. तिच्या बाजारांतून हे शब्द त्या भाषेंत उतरले. त्या व्यवहारांत लंडनचा कांहीं संबंध नव्हता. दुभाष्या कितीही प्रामाणिक असला, तरी त्याच्या देखत दोन शेजाऱ्यांना एकमेकांचें नातें आठवत नाहीं. त्याला काढून टाकूं नये. संध्याकाळीं तासभर रजा द्यावी, इतकेंच.

सध्यां मी किहोतेच्या पहिल्या प्रकरणाशीं झटत आहें. दिवसाला अर्धें पान होतें. हाताशीं शब्दकोश आहे तो स्पॅनिश-इंग्रजीच. पण समासांत पेन्सिलीनें अर्थ लिहितों, तो मराठींत.