मारेगावात थ्री पॉइंट वन

लाँग वीकेंडला कुठे? ऑफिसात कुणी गोकर्ण म्हणालं, कुणी माथेरान. मी म्हणालो मारेगाव, तर बाजूच्या क्युबिकलमधून लगेच दुरुस्ती आली, ‘मालेगाव म्हणायचंय का?’ नाही हो, मारेगावच. यवतमाळ जिल्ह्यातला तालुका. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये हाडं खिळखिळी करून घ्यायची, सकाळी यवतमाळला उतरून तर्री-पोहे हाणायचे आणि करंजीमार्गे वणीला जाणारी एसटी पकडायची. करंजीला नागपूर-हैदराबाद हायवे लागतो. तो मागे टाकला की दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि कापूस. पुढे वणी, कोळशाच्या खाणी. त्याच्या अलीकडे आमचं गाव. रिसॉर्ट नाही, सनसेट पॉइंट नाही. आई-बाबा आहेत.

या खेपेला मांडीवर एक नऊ-दहा किलोचं खोकं होतं. माझा जुना ए.व्ही. रिसीव्हर, तीन स्पीकर, एक सबवूफर. (सबवूफर खाली डिकीत. क्लीनरनं त्याचे वेगळे पैसे घेतले.) पुण्याच्या फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांच्या कृपेनं तो कधी अर्ध्या आवाजावर गेलाच नाही. मनात मात्र कारण वेगळं होतं. बाबांना टीव्हीवरचं बोलणं समजेनासं झालंय. आवाज येतो, शब्द येत नाहीत. वयानं कान जातात ते आधी वरच्या पट्टीतले, आणि स, श, त, क ही अक्षरं नेमकी तिथंच राहतात. मग माणूस आवाज वाढवत जातो. आई वैतागते. आणि हळूहळू तो बातम्याही बघायचं सोडतो. फोनवर ‘हाव, हाव’ म्हणणं वाढलं तेव्हाच मला कळायला हवं होतं.

घरी पोचलो आणि बैठकीच्या खोलीच्या दारातच थांबलो. अर्धी खोली कापसानं भरलेली. खिडकीच्या वरपर्यंत. २०२५-२६च्या हंगामाला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये. व्यापारी त्याच्या बराच खाली मागत होता. म्हणून बाबांनी सीसीआयच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर नाव घातलं होतं आणि स्लॉटची वाट बघत होते. ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला तर माल घेत नाहीत, म्हणून तो अंगणात ठेवायचा नाही. घरातच. अंगाला खाज सुटते, पण करता काय?

बाबांनी खोक्याकडे पाहिलं. ‘काऊन रे, कायले आणलं हे लोखंड?’

मी समजावलं. ते ऐकत होते की नुसते बघत होते, कळेना. मी जोडायला बसलो. इथं पुणेरी घाई नडली. स्पीकरच्या वायरीचं टोक सोलून लाल टर्मिनलला लावताना दोन बारीक तारा शेजारच्या काळ्याला टेकल्या. स्विच दाबला, टक्कन आवाज झाला आणि रिसीव्हर बंद. प्रोटेक्शन सर्किटनं आपलं काम केलं होतं, ठिणगी वगैरे काही नाही. पण बाबा उठून उभे राहिले होते.

‘बंद कर थे. सालभराची कमाई हाये इथं. एक ठिणगी पडली तं?’

मी ‘काही होत नाही’ म्हणालो. बाबा काही न बोलता बाहेर जाऊन ओट्यावर बसले. रात्री जेवणही मुक्यानंच. खरं सांगतो, चूक माझी होती. रिसीव्हर चांगलाच तापतो, त्याला वर आणि बाजूला मोकळी हवा लागते, आणि मी तो कापसापासून दोन हातांवर मांडला होता. कंपनीत फायर ड्रिलला रांगेत उभा राहणारा मी, घरी शहाणपणा विसरलो.

सकाळी सगळं उचललं. रिसीव्हर भिंतीपलीकडच्या खोलीत, सिमेंटच्या फळीवर. गावातल्या वायरमनला बोलावून त्याला वेगळा एमसीबी आणि नीट अर्थिंग. बैठकीत फक्त स्पीकरच्या वायरी आणि एक लांब एचडीएमआय. टीव्हीच्या ज्या सॉकेटवर ‘एआरसी’ लिहिलंय त्यातच ती घालायची, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच वायरीतून रिसीव्हरकडे परत येतो. ही सोय २००९पासून आलीय, तरी निम्मे लोक चुकीच्या सॉकेटात घालून दुकानदाराला शिव्या देतात.

नियम म्हणतो, पुढचे दोन स्पीकर मधल्यापासून तीस-तीस अंशांवर, मागचे दोन ११० अंशांच्या आसपास. मागे तर कापूस! म्हणून मागच्यांचा नादच सोडला. मेनूमध्ये ‘सराउंड नाही’ असं सांगितलं की रिसीव्हर तो आवाज पुढच्यांमध्ये मिसळून देतो. तीन स्पीकर, एक सबवूफर. थ्री पॉइंट वन. माझं मत विचाराल तर बहुतेक घरांना एवढं पुरतं. पैसा लावायचा तो मधल्या स्पीकरवर, कारण सिनेमातलं बोलणं बहुतेक तिथूनच येतं.

मग बाबांच्या खुर्चीत, त्यांच्या कानाच्या उंचीवर माईक ठेवून मोजणी लावली. रिसीव्हर प्रत्येक स्पीकरमधून आवाज सोडतो, तो माईकपर्यंत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. सबवूफरचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त दाखवलं. ते तसंच ठेवायचं, त्याच्या आतल्या सर्किटमध्ये आवाज थोडा उशिरा निघतो. ८० हर्ट्झच्या खालचं सगळं सबवूफरकडे दिलं.

आणि आवाज? बॉस, पुण्यात असा कधी ऐकला नव्हता! एरवी ही खोली म्हणजे स्लॅब, फरशी आणि कोऱ्या भिंती, टाळी वाजवली तर परत येणार. आता टाळी वाजवली की संपली. कापसाच्या तंतूंमधून जाताना आवाजाची हवा घासते आणि ऊर्जेची नकळत उष्णता होते. पातळ पडदा फक्त वरचा आवाज खातो. पाच-सहा फूट जाडीचा ढीग खालचाही बराच खातो. स्टुडिओवाले यासाठी लाखांनी मोजतात.

‘सैराट’ लावला. २०१६चा हा सिनेमा, अजय-अतुलनी याच्या संगीतासाठी लॉस एंजेलिसमध्ये ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला होता. मी व्हायोलिन ऐकत होतो. बाबांसाठी मधला स्पीकर तीन डेसिबलनं चढवला होता. ते पुढे सरकून बसले. मग आईला म्हणाले, ‘काय बोलून रायले थे समजून रायलं.’ आवाज नेहमीपेक्षा कमीच होता. आई स्वयंपाकघरातून आली आणि दारातच उभी राहून बघत राहिली.

परत आल्यावर नवव्या दिवशी बाबांचा फोन. स्वतःहून. कापूस गेला, ओलावा बसला, हमीभाव मिळाला.

‘पण रिसीव्हर बिघडला तुहा. टीव्ही पुन्हा डब्यातून बोलते.’

बिघडला नव्हता, खोली रिकामी झाली होती. मी म्हटलं, मागच्या भिंतीला आईच्या दोन जाड गोधड्या टांगा, खाली सतरंजी घाला, पुढच्या महिन्यात येऊन पुन्हा मोजतो.

‘गोधड्या नाय देत थे,’ बाबा म्हणाले. ‘तूच इच्यार.’ आणि फोन आईकडे दिला.