आमच्या पद्मिनीचें दुखणें

शेतकऱ्यास दोन शत्रु असतात : अतिवृष्टि आणि अनावृष्टि. दोहोंचाहि शेवट एकच, पीक हातचें जातें. मोटारीच्या इंजिनाची गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. पेट्रोल मिळालें नाहीं तर तें बंद पडतें, आणि गरजेहून अधिक मिळालें तरीहि बंद पडतें. पहिल्या स्थितींत तें उपाशी असतें. दुसऱ्या स्थितींत तें बुडालेलें असतें. बाहेरून पाहणाऱ्यास मात्र दोन्ही वेळीं एकच देखावा दिसतो. स्टार्टर घरघरतो आणि गाडी जागची हलत नाहीं. अशाच एका गाडीच्या परीक्षेंत आमच्या घराचा एक सारा उन्हाळा गेला. तिची हकीकत वाचकांस सादर करावी, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

गाडी आमच्या आजोबांची. १९८३ सालीं त्यांनीं ती घेतली. तिचा मूळ घाट इटलीच्या फियाट कंपनीचा. परंतु सोलापुरांत जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ती तयार होई. १९६४ सालीं ती फियाट ११०० डिलाइट या नांवानें आली, आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली जाऊं लागली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींनीं तिचें रूप सर्वांच्या परिचयाचें केलें. त्या टॅक्सींपैकीं शेवटचीहि २०२३ च्या ऑक्टोबर महिन्यांत रस्त्यावरून निवृत्त झाली. आमची पद्मिनी मात्र निवृत्त होण्यास तयार नव्हती. आणि खरें सांगावयाचें तर आजोबाहि नव्हते.

खासगी मोटारीस पंधरा वर्षें पूर्ण झालीं म्हणजे दर पांच वर्षांनीं तपासणी करवून तिची नोंदणी पुन्हां करून घ्यावी लागते. आमची मुदत जूनमध्यें संपत होती. नेमक्या त्याच वर्षीं मार्च महिन्यापासून गाडी आजारी पडली. बोनेट उघडतांच पेट्रोलचा उग्र वास येई, मागून काळा धूर निघे, आणि कधीं कधीं कार्बोरेटरच्या अंगावर पेट्रोलचे थेंब चमकत. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती तळाशीं सांचून राहते, आणि एखादी ठिणगीहि तिला पुरते. आईनें स्पष्ट सांगितलें, "मुलांना त्या गाडींत बसवायचें नाहीं." तिचें म्हणणें रास्त होतें. भंगारवाल्यास बोलावणें गेलें. त्यानें गाडीभोंवतीं एक फेरी मारली आणि वजनाचा हिशेब मांडला. आजोबा कांहीं बोलले नाहींत. त्या रात्रीं ते ताटावरून लवकर उठले, एवढेंच.

दुसऱ्या दिवशीं बाबांनीं महिन्याभराची सवलत दिली. आजोबांचे हात आतां कांपतात. बारीक स्क्रू बोटांत राहत नाहीं. म्हणून त्यांचे डोळे आणि माझे हात, अशी आमची भागीदारी ठरली.

पुढील गोष्ट कळण्यासाठीं कार्बोरेटरचें काम थोडक्यांत सांगितलें पाहिजे. पेट्रोल द्रवरूपांत नीट जळत नाहीं. तें हवेंत मिसळावें लागतें. वजनानें पाहिलें तर एक भाग पेट्रोलास सुमारें पंधरा भाग हवा लागते. हें मिश्रण करणारें यंत्र म्हणजे कार्बोरेटर. त्याच्या गळ्याशीं वाट अरुंद असते. अरुंद वाटेंतून हवा वेगानें जाते, आणि वेग वाढला कीं तेथला दाब घटतो. हें तत्त्व बर्नूली यांनीं १७३८ सालीं ग्रंथांत मांडलें आणि व्हेंचुरी यांनीं १७९७ सालीं अरुंद नळीवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. दाब घटला म्हणजे जेट नांवाच्या बारीक छिद्रांतून पेट्रोल आपोआप वर ओढलें जातें व त्याचे तुषार होतात. हें पेट्रोल शेजारच्या एका लहानशा कोठींत सांठविलेलें असतें. आपल्या गच्चीवरील पाण्याच्या टांकींत तरंगणारा गोळा जें काम करतो, तेंच काम या कोठींत फ्लोट करतो. पेट्रोलची पातळी चढली कीं फ्लोट उचलला जातो आणि एक टोकदार सुई वर दाबून येण्याची वाट बंद करतो. सुई नीट बसली नाहीं तर पेट्रोल येतच राहतें, कोठी ओसंडते आणि इंजिन बुडतें.

आमच्या गांवच्या एका मिस्त्रींनीं आधींच कार्बोरेटर उघडून स्वच्छ केला होता व सुईहि नवी घातली होती. आठ दिवस गाडी सुरेख चालली. नवव्या दिवशीं पुन्हां तोच वास. शिवाय साताऱ्यास जातांना खंबाटकी घाटांत तिनें अगदीं उलट लक्षण दाखविलें. सपाटीवर धांवणारी गाडी चढणीवर गुदमरली आणि थांबली. दहा मिनिटें विसावा मिळतांच पुन्हां चालूं लागली. हें उपासमारीचें चिन्ह. चढावर इंजिन जितकें पेट्रोल पितें तितकें कोठींत येत नसलें म्हणजे असें होतें. मिस्त्रींचें मत पडलें कीं कार्बोरेटरच नवा बसवावा.

आजोबा म्हणाले, "अरे, आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, असें नको व्हायला. वास इथें येतो म्हणून दोष इथेंच असेल असें नाहीं. टांकीपासून निघ आणि पेट्रोलच्या मागोमाग चालत ये."

त्याप्रमाणें आम्हीं निघालों. गाडी उघड्या अंगणांत उभी केली, इंजिन पुरतें थंड होऊं दिलें, बॅटरीची तार सोडली आणि कोरड्या वाळूची बादली जवळ ठेवली. आई ओट्यावर पहाऱ्यास बसली. प्रथम टांकीचें झांकण पाहिलें. त्यांतील हवेचें छिद्र बुजलें तर टांकींत पोकळी होऊन पेट्रोल अडतें. परंतु छिद्र मोकळें होतें. मग पंपाची पाळी आली. कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडून तिचें तोंड काचेच्या बाटलींत धरलें. ठिणगी पडूं नये म्हणून कॉइलची तार काढून ठेवली आणि तेवढ्यापुरती बॅटरी जोडून स्टार्टर फिरविला. निरोगी पंप ठराविक तालानें जोरदार पिचकाऱ्या मारतो. आमचा पंप धापा टाकल्यासारखा थोडेंथोडें पेट्रोल देत होता; आणि बाटलीच्या तळाशीं नाचणीच्या पिठासारखा तांबूस गाळ बसला होता.

तो गाळ पाहून आजोबांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनीं हंसूं उमटलें. फ्लोट काढून गरम पाण्यांत बुडविला. बुडबुडा आला नाहीं, म्हणजे तो फुटका नव्हता. सुईच्या बैठकींत मात्र भिंगांतून एक कण अडकलेला दिसला. रबरी नळी आंतून मऊ पडली होती; बोट फिरवितांच काळें लागलें. टांकी उतरवून रिकामी केली तेव्हां तिच्या पोटांत गंजाचे पापुद्रे निघाले.

आतां दोन्ही दुखण्यांचें बीज एकच असल्याचें दिसून आलें. गंजाचा कण सुईच्या बैठकींत अडकला कीं सुई मिटत नाहीं आणि पूर येतो. तोच गाळ गाळणींत किंवा पंपांत सांचला कीं दुष्काळ पडतो. कार्बोरेटर कितीहि वेळां धुतला तरी टांकीकडून नवा गाळ येतच होता. यास काळहि थोडा कारण झाला असावा. २०२३ सालापासून आपल्या देशांत २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विकलें जाऊं लागलें. इथेनॉल पाणी शोषून घेतें, जुन्या टांकींतला चिकटलेला मळ सुटा करतें, आणि त्यासाठीं न बनविलेलें जुनें रबर मऊ करून खातें. नव्या गाड्यांच्या नळ्या तें सोसतात. चाळीस वर्षांच्या गाडीची नळी कशी सोसणार?

टांकी धुवून घेतली, नव्या पेट्रोलास टिकणाऱ्या नळ्या घातल्या, टांकी आणि पंप यांच्यामध्यें गाळणी बसविली, पंपाचा जुनाट पडदा बदलला, आणि सुई बैठकीसह नवी घातली. नव्या कार्बोरेटरची गरज उरली नाहीं. इंजिन अर्धा तास चालू ठेवून आईनें स्वतः वांकून वास घेतला, कार्बोरेटरवर पांढरा रुमाल फिरविला आणि तो कोरडा असल्याचें पाहून मगच मान हलविली. जूनमधील तपासणींत गाडी उत्तीर्ण झाली. त्यानंतर खंबाटकीचा घाट तिनें एका दमांत चढला. गाडी बाबा चालवीत होते. शेजारीं आजोबा बसले होते आणि प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जात होता.

ज्यांच्या घरीं अशी जुनी गाडी असेल त्यांच्यासाठीं एक सूचना. इंजिन बुडालें असतां अ‍ॅक्सिलरेटर वारंवार दाबूं नये. त्यानें पूर वाढतो. बाहेर पेट्रोल गळत असेल तर स्टार्टरला हातच लावूं नये. गळत नसेल तर कांहीं मिनिटें थांबावें, चोक पूर्ण उघडा ठेवावा, अ‍ॅक्सिलरेटर एकदांच तळापर्यंत दाबून तसाच धरावा आणि मग स्टार्टर फिरवावा. भरपूर हवा आंत जाऊन सांचलेलें पेट्रोल निघून जातें. तरीहि न जमल्यास प्लग काढून वाळवावे. काडी ओढून आंत डोकावणें हें तर प्राणावर बेतणारें आहे.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या अभ्यासांतहि कधीं अतिवृष्टि होते, कधीं अनावृष्टि. परीक्षेच्या आदल्या रात्रीं सारें पुस्तक एकदम डोक्यांत ओतणारा आणि वर्षभर पुस्तक न उघडणारा, दोघेहि उत्तरपत्रिकेपुढें सारखेच थांबतात. अशा वेळीं गुणपत्रिकेवर रागावून काय होणार? दोष जेथें दिसतो तेथूनच नव्हे, तर जेथून तो निघतो तेथून पाहत यावें. आमच्या बाटलींतील तो तांबूस गाळ आजोबांनीं टाकूं दिला नाहीं. बाटली घट्ट बुचानें बंद करून त्यांनीं ती अंगणांतील हत्यारांच्या फळीवर ठेवली आहे, आणि घरांत कोणी कशासहि घाईनें दोष देऊं लागला कीं ते कांहीं न बोलतां तिकडे बोट दाखवितात.