दम्याचा पंप व मुलांची उंची

पावसाळा लागला कीं नवीन पनवेलमधील घरांच्या भिंतींस ओल येते व बुरशी धरते. हिवाळ्यांत महामार्गावरील वाहनांचा धूर सकाळच्या धुक्यांत अडकून राहतो. ह्या दोन्ही ऋतूंत माझ्या वर्गांतील दोन-तीन बाकें कधीं कधीं रिकामीं दिसतात, आणि चौकशी केली असतां बहुधा एकच कारण कानीं येतें. तें म्हणजे दमा.

दम्यांत श्वासनलिकांच्या आंतील अस्तरास सूज येते व हवेची वाट अरुंद होते. त्यावर दोन प्रकारचे पंप मिळतात. साल्ब्युटामॉलचा पंप नळ्या सैल करून कांहीं तासांपुरता आराम देतो. बुडेसोनाइड किंवा बेक्लोमेथासोन ह्या स्टिरॉइडचा पंप सूजच उतरवितो; परंतु तो रोज घ्यावा लागतो, व त्याचा गुण दिसण्यास कांहीं दिवस जातात. पहिल्याबद्दल कोणाची तक्रार नसते. दुसऱ्याच्या नांवानेंच घरांत भीति शिरते.

एकदां पालकांच्या सभेनंतर एक माउली मला म्हणाल्या, "सर, पंपांत स्टिरॉइड आहे म्हणे. त्यानें पोर बुटकें राहील असें शेजारीं सांगतात, म्हणून मीं तो बंद केला." त्यांचा मुलगा सातवींत होता व प्रार्थनेच्या रांगेंत सर्वांच्या पुढें उभा राही. पंप बंद झाल्यावर एका रात्रीं त्यास दवाखान्यांत न्यावें लागलें होतें. मी वैद्य नव्हे. म्हणून त्यांस पुन्हां डॉक्टरांकडेच जाण्यास सांगितलें. परंतु त्यांचा प्रश्न माझ्या मनांतून जाईना. त्यानंतर जें वाचलें, त्याचा सारांश येथें देतों.

ही भीति मुळांत गोळ्यांमुळें उत्पन्न झाली. १९४८ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें सांधेदुखीच्या एका रोगिणीस कॉर्टिसोन दिलें गेलें व तिला आश्चर्यकारक गुण आला. ह्या शोधास १९५० चें नोबेल पारितोषिक मिळालें. पण तसलीं औषधें महिनोन्महिने पोटांत घेतल्यास मुलांचा चेहरा सुजतो व वाढ खुंटते, असें दिसून आलें. पुढें १९७२ च्या सुमारास इंग्लंडांत बेक्लोमेथासोन थेट श्वासावाटे देण्याचा उपाय निघाला. गोळीचें माप मिलिग्रॅममध्यें, तर पंपाचें मायक्रोग्रॅममध्यें, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या हिश्शांत, असतें.

तथापि भीति सर्वथा निराधार आहे असें म्हणतां येत नाहीं. अमेरिका व कॅनडा येथें दम्याच्या १,०४१ मुलांवर एक मोठा प्रयोग झाला. त्यांत कांहीं मुलांस रोज ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाइड चार ते सहा वर्षें दिलें. आरंभीच्या एक-दोन वर्षांत त्यांची वाढ किंचित् मंदावली. तीं प्रौढ झाल्यावर २०१२ सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यांत त्यांची सरासरी उंची औषधाविना राहिलेल्यांपेक्षां १.२ सेंटिमीटरनें कमी भरली. हा फरक भरून निघाला नाहीं, तसा वर्षानुवर्षें वाढतही गेला नाहीं. उलटपक्षीं, आवरांत न ठेवलेला दमा स्वतःच मुलाची वाढ व वयांत येणें लांबवितो, हेंही विसरतां येत नाहीं.

दुसरा धोका अधिक गंभीर, पण विरळा आहे. मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथि आपल्या शरीरासाठीं कॉर्टिसॉल तयार करतात. मोठ्या मात्रेंत दीर्घकाळ स्टिरॉइड घेतल्यास त्या ग्रंथि मंदावतात. अशा वेळीं औषध एकाएकीं थांबविलें, किंवा मोठें आजारपण आलें, तर थकवा, वांत्या व रक्तांतील साखर उतरणें असे प्रकार होऊं शकतात. म्हणून मात्रा घरच्या घरीं वाढवूं नये, आणि घरच्या घरीं बंदही करूं नये.

आतां तराजूचें दुसरें पारडें पाहूं. २०१९ च्या जागतिक अंदाजानुसार जगांतील दमेकऱ्यांपैकीं सुमारें १३ टक्के भारतांत आहेत. परंतु दम्यानें होणाऱ्या मृत्यूंपैकीं ४० टक्क्यांहून अधिक आपल्याच देशांत होतात. रोज घ्यावयाचें औषध फारच थोड्यांच्या हातीं पोहोंचतें, हें ह्याचें एक मोठें कारण आहे.

पालकांनीं डॉक्टरांस दोनच गोष्टी विचाराव्या: दमा आवरांत राहील अशी लहानांत लहान मात्रा कोणती, व ती कमी केव्हां करतां येईल. मुलानें पंप स्पेसर लावून घ्यावा व नंतर गुळण्या कराव्या. वर्षांतून एकदां तरी उंची मोजून तारखेसह लिहून ठेवावी. शेजारणीच्या अनुमानापेक्षां ती नोंद डॉक्टरांस अधिक उपयोगी पडेल.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांतील कित्येक जण सोबती हसतील म्हणून पंप दप्तराच्या तळाशीं लपवितात. हसणाऱ्यानें एवढेंच ध्यानांत घ्यावें कीं, एक सेंटिमीटर उंची कमी पडली तरी मनुष्याचें कांहीं अडत नाहीं. श्वास अडला तर मात्र सर्वच अडतें.